दुबार पेरणीच्या दिवसांत धीर कुठून आणता? (विश्वासाबद्दल मनापासून बोलायचंय)

वावरातली_मार्था (यवतमाळ जिल्हा)

सर्वांना सलाम.

आमचं केळापूर तालुक्यात कोरडवाहू वावर आहे. अर्ध्यात पऱ्हाटी म्हणजे कपाशी, अर्ध्यात सोयाबीन, मधे तुरीच्या ओळी. पहिल्या पावसावर सगळ्यांनी पेरलं, आम्हीही पेरलं. मग पावसानं अशी दडी मारली की जे उगवलं ते सुकलं आणि उरलेलं मातीतच गेलं. आता दुबार पेरणी. बियाणं परत आणायचं, खत परत आणायचं, आणि सोसायटीचं मागचं कर्ज डोक्यावर तसंच. मुलगी बारावीला आहे. घरधनी बोलत नाहीत. जेवले न जेवले, बाजेवर पडतात आणि टिनाकडे पाहत राहतात.

आम्ही आजेसासऱ्यांच्या काळापासून ख्रिस्ती. गावात आमची मोजकी घरं, उपासनेला शेजारच्या गावी जातो. तिथं गाणी म्हणताना, वचन ऐकताना अंगात बळ येतं, हे अगदी खरं. पण सोमवारी कृषी केंद्रात उधारीची वही उघडली की ते बळ कुठं जातं कळत नाही. रात्री मधेच जाग येते आणि छाती धडधडते.

साक्षी मी खूप ऐकल्या. कर्ज फिटल्याच्या, आजार बरे झाल्याच्या. देव करतो, माझा विश्वास आहे. पण ज्यांचं कर्ज फिटलं नाही आणि तरी जे सकाळी उठून वावरात जातात, मला त्यांना विचारायचंय. तुम्ही नेमकं काय करता? प्रार्थनेत काय म्हणता? जे ख्रिस्ती नाहीत त्यांनीही सांगा, मला आवडेल.

प्रभाकिरण

ताई, तुमच्या घरासाठी प्रार्थना करते आहे. स्तोत्र 23 रोज सकाळी मोठ्यानं वाचा, मनातल्या मनात नाही. आमेन.

अचलपूरची_नर्स

ताई, सलाम. आधी एक थेट विचारते. भाऊ "आता जगून काय करू", "माझ्यामागं तुमचं बरं होईल" असं काही बोलले आहेत का? नसतील बोलले तरी तुम्ही त्यांना विचारा. स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार शिरतो असं लोकांना वाटतं, पण तसं होत नाही. उलट माणूस सुटतो, कोणीतरी विचारलं म्हणून रडतो. फवारणीचं औषध घरात असेल तर आजच कुलपात ठेवा, नाहीतर शेजाऱ्याकडे नेऊन द्या. आणि 14416 हा नंबर लिहून ठेवा. टेली-मानस म्हणून मनाच्या त्रासासाठी सरकारी सेवा आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. यात विश्वास कमी पडला असं काही नाही. ताप आला तर आपण पॅरासिटामॉल घेतो ना.

आता विश्वासाचं. 1 राजे, 19 वा अध्याय उघडा. एलीया संदेष्टा. आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर त्याच्या प्रार्थनेनं अग्नी उतरला, दुष्काळ संपून पाऊस आला. इतकं पाहिलेला माणूस राणीच्या एका धमकीनं पळत सुटतो, अरण्यात झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो, आता पुरे, माझा जीव घे. मग तिथंच झोपतो.

देव त्याच्यावर रागावत नाही. कालच तर चमत्कार पाहिलास, असंही म्हणत नाही. दूत येतो, त्याला हात लावून उठवतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. एलीया खातो आणि परत झोपतो. दूत दुसऱ्यांदा येतो, परत जेवू घालतो, म्हणतो, ऊठ, खा, पुढची वाट तुला झेपणार नाही. बोलणं सगळं त्याच्यानंतर, कितीतरी दिवसांनी, होरेब डोंगरावर. आणि तिथंही देव त्याला काय देतो पाहा. एक काम देतो आणि एक सोबती देतो, अलीशा, जो त्या वेळी बारा जोड बैलांसह वावर नांगरत होता. शिवाय सांगतो, तू एकटा नाहीस, अजून 7000 माणसं आहेत.

भाऊंना सध्या वचनं ऐकवू नका. गरम जेवण द्या आणि बाजेजवळ बसा. तुम्हीही जेवा. नवऱ्याच्या काळजीनं बाया आधी स्वतःचं ताट बाजूला सारतात आणि मग माझ्याकडे चक्कर येऊन भरती होतात.

सत्यवचन_77

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. भीती हे अविश्वासाचं लक्षण आहे. प्रभू म्हणतो भिऊ नको, म्हणजे भिऊ नको. पूर्ण विश्वास असेल तर चिंता राहूच शकत नाही. घरात कुठं पाप कबूल करायचं राहिलं आहे का, ते आधी तपासा.

निवृत्त_गुरुजी (यवतमाळ)

सत्यवचनभाऊ, तुमचा हेतू चांगला असेल, पण हे मला इथंच अडवावं लागेल, कारण हे वाचून एखादं खचलेलं माणूस आणखी खचेल.

ईयोबाचे मित्र हेच म्हणत होते. तुझं एवढं नुकसान झालं, म्हणजे तू काहीतरी केलं असशील. पुस्तकाच्या शेवटी देव त्या मित्रांना सांगतो की माझ्याविषयी तुम्ही माझा सेवक ईयोब याच्यासारखं खरं बोलला नाहीत. आणि ईयोब काय बोलला होता? तक्रार. पानोपानी तक्रार.

गेथशेमाने बागेत प्रभू येशूनं स्वतः शिष्यांना सांगितलं की माझा जीव मरणाइतका खिन्न झाला आहे, माझ्याबरोबर जागे राहा. हा प्याला टळू दे, असं तो बापाला म्हणाला. त्याच्यात पूर्ण विश्वास नव्हता असं तुम्ही म्हणाल का? स्तोत्रसंहितेतली 150 स्तोत्रं घ्या, त्यांत सगळ्यांत मोठा गट रडगाण्यांचा आणि तक्रारींचा आहे. 88 वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळही नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, उपासनेत म्हणण्यासाठी आहे. देवासमोर रडायला देवानंच शब्द देऊन ठेवले आहेत.

आणि "भिऊ नको" हे शास्त्रात जिथं जिथं येतं तिथं समोरचा माणूस घाबरलेलाच असतो. हागार रानात, पाणी संपलेलं, लेकरू मरायला टेकलेलं. मेंढपाळ रात्री माळावर. शिष्य लाटांत सापडलेल्या होडीत. न घाबरलेल्याला कोण असं म्हणेल? त्या शब्दांत दोष काढलेला नाही, जवळ येणं आहे. पुष्कळ ठिकाणी लगेच पुढं येतं की मी तुझ्याबरोबर आहे.

मार्थाताई, तुम्ही नाव तर फार योग्य घेतलं. बेथानीची मार्था आठवा. भाऊ मेला, चार दिवस झाले, आणि प्रभू आता येतोय. ती घरात बसून राहत नाही. गावाबाहेर जाऊन त्याच्या तोंडावर म्हणते, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. आधी तक्रार, आणि त्याच भेटीत, भाऊ अजून थडग्यातच असताना, ती म्हणते की तू ख्रिस्त आहेस असा माझा विश्वास आहे. दोन्ही एकाच तोंडून. तुमची रात्रीची धडधड आणि तुमचा विश्वास एका छातीत राहू शकतात.

सत्यवचन_77

गुरुजी, माझी आई कॅन्सरनं गेली. शेवटपर्यंत तिनं भीती दाखवली नाही, गाणं म्हणत गेली. तेच माझ्या डोळ्यांपुढं असतं, म्हणून तसं लिहिलं. तुमच्या मुद्द्यावर विचार करतो.

निवृत्त_गुरुजी

भाऊ, तुमच्या आईला मिळालेलं ते देणं होतं. त्याबद्दल देवाची स्तुती असो. फक्त सगळ्यांनी त्याच मापानं मोजलं जाऊ नये एवढंच.

धुरकरी (आर्णीकडचा)

मी काई लिहिनारा मानूस नोहो. पोरगी टाईप करून रायली, मी सांगून रायलो.

2017 साली फवाऱ्याचं जे झालं ते सगळ्यायले मालूम हाये. आपल्या यवतमाय जिल्ह्यात वीसाच्या वर मानसं गेले, शेकड्यानं दवाखान्यात पडले. त्यातलाच मी एक. त्या साली पऱ्हाटी डोक्याच्या वर गेल्ती. बोंडअयी आल्ती. ज्याच्या वावरात कामाले होतो त्यानं दोन-तीन औषधं एकात मिसयून देल्ली. तोंडाले फडकं बी नोहतं. दुपारच्यानं डोयापुढं अंधार आला, वकाऱ्या सुरू झाल्या, हातपाय कापाले लागले. दवाखान्यात पडून रायलो. डोये वाचले, देवाचे उपकार.

घरी आलो त पंपाले हात लावाची हिंमत होये ना. पन मजुरी त तेच. बायको म्हने जाऊ नोका. मंग खाचं काय? चर्चचे पाळक सायेब घरी आल्ते, त्यायले इचारलं, कोनती प्रार्थना करू. ते म्हने, जे पोटात हाये तेच सांग. म्या म्हटलं, "परभू, मले भेव वाटते. मले नाई म्हनाची ताकद दे." बस. यवढीच प्रार्थना.

मंग मालकाकडं गेलो. सांगलं, मास्क लागन, मोजे लागन, सकायीच फवारीन, उन्हात नाई, वाऱ्याच्या तोंडी नाई, दोन औषधं मिसयून त बिलकुल नाई. जमत नसन त दुसरा पाहा. बोलताना गुडघे कापत होते माहे. मालक चिडला, जाय म्हने. काई दिवसानं त्यानंच बोलावलं, अन् मोजे आनून ठेवले होते.

भेव गेलं नाई ताई. आजबी पंप पाठीवर घेतला का छातीत होते. पन नाई म्हनता येते आता. अन् बाकीच्या मजुरायले बी सांगता येते.

प्रभाकिरण

धुरकरीभाऊ, तुमच्या मुलीला माझे आशीर्वाद सांगा. तुमची प्रार्थना मी वहीत लिहून घेतली.

कृषीचा_विद्यार्थी (अकोला)

धुरकरीकाका, तुम्ही म्हणता तेच आम्हाला वर्गात शिकवतात: वाऱ्याच्या दिशेनं, सकाळी किंवा संध्याकाळी, लेबलवर सांगितल्याशिवाय औषधांचं मिश्रण नाही.

मार्थाताई, दोन कामाच्या गोष्टी. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्याशिवाय परत पेरू नका, कितीही घाई झाली तरी. आणि नवीन बियाणं महाग पडत असेल, कोणाकडे मागच्या वर्षीचं घरचं सोयाबीन असेल, तर ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मोजून उगवण पाहा. सत्तरच्या वर उगवले तर पेरायला हरकत नाही. बीजप्रक्रिया करून घ्या. सोयाबीनला साधारण जुलैच्या मध्यापर्यंत वेळ असतो.

मी पाळकांचा मुलगा. लहानपणापासून मला मार्क 4 मधला एक छोटा दाखला आवडतो, पेरणाऱ्याच्या मोठ्या दाखल्यानंतर येतो म्हणून लोक तो वगळून पुढं जातात. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी रुजतं, वाढतं, कसं ते त्याला कळत नाही. जमीन आपोआप पीक देते. आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. मी उगवणशास्त्र शिकतो, तापमान, ओलावा, सगळं वाचतो. तरी तो दाखला मला खोटा वाटत नाही. आपलं काम संपलं की झोपायची परवानगी त्यात आहे. शेतकऱ्याच्या झोपेबद्दल प्रभू इतक्या सहज बोलतो, याचं मला फार वाटतं.

मोझरीचा_वाटसरू (अमरावती जिल्हा)

मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भक्ती आहे, गावात संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते. पण हा धागा सोडवेना म्हणून लिहितो.

आमच्या गावात एक ख्रिस्ती घर आहे. त्यांचा तरुण मुलगा मोटरसायकलवरून पडून गेला. पुरायला जागा नव्हती, गावानं बसून नाल्याच्या वरच्या अंगाची जागा दिली. मी त्या वेळी हजर होतो. बाप थडग्याशी उभा राहून गाणं म्हणत होता. आवाज फुटत नव्हता, मधेच थांबायचा, बाकीचे पुढची ओळ धरायचे, मग तो परत सुरू करायचा. चाल आपल्या भजनासारखीच होती. पुढं कोणीतरी मला सांगितलं की रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगात आणि ओवीत आणली, आणि ज्या प्रवासात त्यांना एका गोऱ्या प्रवाशानं नवा करार दिला तो नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीतला होता. म्हणजे आपल्याच मुलखातला. नंतर 1895 साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मला एक विचारायचंय, आणि हा वादाचा प्रश्न नाही. तुम्ही पुनरुत्थान म्हणता. त्या बापाकडे पाहून मला वाटलं की तो खरंच त्यावर उभा आहे. पण रोजच्या जगण्यात तसं होतं का? की ते फक्त थडग्याशी म्हणायचं असतं?

लोणारकाठी (बुलडाणा जिल्हा)

वाटसरूभाऊ, मी उत्तर देते, कारण माझंही लेकरू गेलं आहे.

रोज तसं वाटतं असं मी म्हणणार नाही. काही दिवस मला काहीच वाटत नाही. रविवारी चर्चमधली मंडळी उभी राहून विश्वासांगीकार म्हणते, देहाच्या पुनरुत्थानावर मी विश्वास ठेवतो, आणि माझ्या तोंडून शब्द निघत नाहीत. तेव्हा बाकीचे म्हणतात. त्या थडग्याशी बाकीच्यांनी ओळ धरली ना, तसंच. मार्कच्या 9 व्या अध्यायात आजारी मुलाचा बाप प्रभूला म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाक. प्रभू त्याला परत पाठवत नाही. तेवढ्यावर काम करतो.

पौलानं करिंथकरांना साफ लिहिलं आहे की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे. म्हणजे त्यानं सगळं त्या एका गोष्टीवर लावलं. आमच्याकडे पळवाट नाही.

मला ज्यानं उभं केलं ते योहानाच्या 20 व्या अध्यायात आहे. उठलेला प्रभू थोमाला जखमा दाखवतो. मरणाला जिंकून आला, तरी हातांवर खिळ्यांच्या खुणा आहेत, कुशीत भाल्याची जखम आहे. मी पहिल्यांदा ते नीट वाचलं तेव्हा तव्यावरची भाकर करपली. देवाच्या घरी जखमा पुसल्या जात नाहीत. माझ्या मुलाचं सगळं, त्याचं आजारपणसुद्धा, कुठंतरी जपलेलं आहे, वाया गेलेलं नाही. लोक मला विसरायला सांगायचे. प्रभूनं मला विसरायला सांगितलं नाही.

म्हणून मी परत अंगणवाडीत जाऊ लागले. दुसऱ्यांची लेकरं मांडीवर घेताना पहिल्यांदा फार जड गेलं. आता घेते.

मोझरीचा_वाटसरू

ताई, माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. नमस्कार करतो तुम्हाला.

वावरातली_मार्था

सगळ्यांचं वाचलं. काही दोनदा वाचलं. नर्सताईंनी सांगितलं तसं मी त्यांना विचारलं. पोरगी झोपल्यावर, बाजेजवळ बसून, अगदी त्याच शब्दांत. ते आधी चिडले. मग खूप रडले. मरायचा विचार येऊन गेला होता म्हणाले, औषधाचा डबा दोनदा हातात घेतला होता. डबा आता पोलीस पाटलांच्या घरी आहे. 14416 वर आम्ही दोघांनी मिळून फोन केला, फोन स्पीकरवर ठेवला. तिकडून जी बाई बोलत होती तिनं फार शांतपणे ऐकून घेतलं.

पण दुसरं एक निघालं. सोसायटीचं कर्ज मला माहीत होतं. त्याखेरीज यांनी एका खाजगी माणसाकडून पैसे घेतले आहेत, महिन्याच्या व्याजानं, आणि तारण म्हणून वावराच्या एका तुकड्याची खरेदी त्याच्या नावानं करून दिली आहे. मला सांगितलं नव्हतं. या गोष्टीची लाज त्यांना खात होती. आता मलाही खाते आहे. मंडळीत कसं सांगायचं? आजेसासरे मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचे कारभारी, होते. लोक काय म्हणतील?

सहकारातला_माणूस

ताई, कायद्याची बाजू सांगतो, ती लाजेच्या आधी. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. सावकारीच्या व्यवहारात जमीन लिहून घेतली असेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. चौकशीत ते सिद्ध झालं तर ती खरेदी रद्द होऊन जमीन परत मिळू शकते. अशी प्रकरणं झालेली आहेत. पैसे दिल्याघेतल्याच्या चिठ्ठ्या, फोनवरचे मेसेज, साक्षीदारांची नावं, जे असेल ते एका पिशवीत जमा करा. वकिलाचा खर्च नको. बाईमाणसाला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीत अर्ज द्या. अर्ज तुमच्या नावानं करा.

आणि सोसायटीचं पीककर्ज थकीत राहू देऊ नका. वेळेत भरणाऱ्याला 3 लाखांपर्यंत व्याज पडत नाही, डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत. थकलं की ती सवलत जाते.

केडगावची_माहेरवाशीण (सध्या वर्धा)

मार्थाताई, लाजेचं मी बोलते. माझं माहेर केडगाव, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या सावलीत वाढले.

लोक रमाबाईंचा फोटो लावतात, पण त्यांनी काय सोसलं ते क्वचितच सांगतात. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण उपासमारीनं गेली. गावोगाव पुराण सांगत फिरणारं विद्वान घर, आणि खायला नाही. पुढं 1880 मध्ये भाऊ गेला. लग्न झालं, 1882 मध्ये नवरा पटकीनं गेला, पदरात लहान मुलगी. एवढं सगळं झाल्यावर 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या, आणि भुकेनं रस्त्यावर आलेल्या मुली, विधवा यांना गोळा करून घेऊन गेल्या. उपास काय असतो ते पुस्तकातून कळलेलं नव्हतं त्यांना. स्वतःच्या घरातली तीन माणसं त्यात गेली होती, आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. शेवटच्या काळात मुलगीही, मनोरमा, त्यांच्याआधी गेली, 1921 मध्ये. तोपर्यंत मूळ भाषांतून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणायचं काम चाललेलं होतं. मुलगी गेल्यावरही त्यांनी ते टाकलं नाही. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या.

तुमच्या मंडळीत सावकाराकडे गेलेलं हे पहिलंच घर असेल असं मला वाटत नाही. बाकीचे बोललेले नाहीत एवढंच. गलतीकरांस पत्रात पौल एकमेकांची ओझी वाहा म्हणतो, पण ओझं दिसल्याशिवाय कोण उचलणार? सगळ्या मंडळीपुढं उभं राहून नका सांगू. घरप्रार्थना ठेवा. विश्वासाची दोन-तीन घरं बोलवा. भाऊंना स्वतःच्या तोंडानं आकडा सांगू द्या. आकडा. "थोडी अडचण आहे" असं नाही. मग प्रार्थना करा. आमच्याकडे असंच झालं होतं, दिराच्या बाबतीत, आणि आकडा ऐकल्यावर प्रार्थनाच वेगळी झाली.

निवृत्त_गुरुजी

माहेरवाशीणताईंच्या शब्दाला माझा पूर्ण दुजोरा. एक जुनं सांगतो. आमच्या यवतमाळात 1953 पासून युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारं विद्यालय, होती. देशभरातून विद्यार्थी यायचे, आजूबाजूच्या खेड्यांत रविवारी जायचे. 1983 मध्ये ती पुण्याला गेली. तेव्हा आमच्यातल्या पुष्कळांना वाटलं, आता खेड्यातल्या मंडळ्या संपल्या. नाही संपल्या. कशावर टिकल्या म्हणाल तर अशाच घरप्रार्थनांवर. कंदिलाच्या उजेडात बाया एकमेकींचं घरचं ऐकायच्या, वाचता येणारी एक जण वाचायची. माझी आई त्यांतली.

भाऊंनी बोलल्यावर हबक्कूकचा तिसरा अध्याय वाचा, शेवटच्या ओळी. अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात धान्य नाही, गोठा रिकामा. एकूण एक नुकसान तो नाव घेऊन मोजतो, पंचनामा करावा तसा. कुठलंही कमी करून सांगत नाही. आणि त्यानंतर म्हणतो, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. गोठा भरला असं पुढं कुठं येत नाही.

सत्यवचन_77

मार्थाताई, मी पांढरकवड्यापासून जवळच असतो. उपनिबंधकांच्या कार्यालयात अर्ज द्यायला यवतमाळला जावं लागेल. माझं तिकडं कामानिमित्त येणंजाणं असतं. भाऊंना एकटं पाठवू नका. कधी जायचं ते कळवा, मी बरोबर येतो, कागद वाचून दाखवीन. आईच्या वेळी दवाखान्याच्या कागदांसाठी मला कोणी बरोबर नव्हतं.

वावरातली_मार्था

घरप्रार्थना काल झाली. तीन घरं होती. यांनी आकडा सांगितला. खूप वेळ कोणी काही बोललं नाही. मग एका काकाजींनी स्वतःचा आकडा सांगितला. तो आमच्याहून मोठा निघाला.

कर्ज तेवढंच आहे. रात्री जाग येते. पण आता हेही जागे असले तर दोघं उठून चुलीपुढं बसतो, आणि मी धुरकरीभाऊंची प्रार्थना म्हणते, माझ्या शब्दांत. "परभू, मले भेव वाटते" इथून सुरू करते. मग त्या दिवसाचं एक काम मागते. काल सातबारा काढायचं होतं. आज पिशवीत कागद भरायचे होते. उद्याचं अजून माहीत नाही.

सत्यवचनभाऊ, पुढच्या सोमवारी जमेल का? हे येतो म्हणाले.

सत्यवचन_77

जमेल. सकाळची पहिली बस धरू. मूळ कागद आणि झेरॉक्स दोन्ही घ्या, आणि भाऊंचं आधार कार्ड.

अचलपूरची_नर्स

आणि सोमवारी निघायच्या आधी दोघं जेवून निघा. भाऊंची झोप अजून लागत नसेल तर ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांना दाखवा.

कृषीचा_विद्यार्थी

ताई, तुमच्याकडे पाऊस किती झाला? तलाठ्याकडे किंवा कृषी सहायकाकडे महसूल मंडळाचा आकडा मिळेल. शंभरच्या जवळ असेल तर आता थांबू नका.

वावरातली_मार्था

कृषी सहायकांना विचारलं, नव्वदच्या वर गेला म्हणाले. ओल वीतभर खाली आहे, मी स्वतः उकरून पाहिलं. शेजाऱ्याकडचं घरचं सोयाबीन गोणपाटावर ठेवलं होतं, शंभरातले अठ्ठ्याहत्तर उगवले. पैसे दिवाळीनंतर द्या म्हणाला. पेरणी शनिवारी.

धुरकरी

ताई, पेरनीले मानसं लागत असन त सांगा. मी अन् बायको दोघं येतो. मजुरीचं नंतर पाहू.

वावरातली_मार्था

या भाऊ. शनिवारी सकाळी लवकर या, उन्हाच्या आत अर्धं वावर काढू. डबा आणू नका, जेवण इकडंच आहे. मुलीलाही आणा, तिचं टाईप केलेलं वाचलं, तिला भेटायचंय.